परिषदेचं वरण

सुनेनं सासूच्या स्वयंपाकाला नावं ठेवावीत, हे घरोघरचं आहे. त्याचं मला काही नाही. पण भरल्या मेसमध्ये, पोरं ताटं हातात घेऊन रांगेत उभी असताना, सासूच्या वरणाच्या भगुण्यात पाण्याचा अख्खा जग ओतणारी सून मी तरी दुसरी पाहिली नाही. माझी वृंदा ती.

ती वर्गातूनच सरळ आली होती. बोटांना खडू लागलेला. माझ्या हातातलं वगराळं तिनं काढून घेतलं, वरण ढवळलं, वर उचलून परत सोडलं. दाट पडलं. पडणारच, सकाळपासून मी उभी राहून घोटलेलं होतं. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग पाण्याच्या टेबलावरचा जग उचलला आणि ओतला. दुसरा उचलला, तोही ओतला. गार पाणी. वरची फोडणी फुटून तिचे ठिपके ठिपके झाले.

ती रांगेकडे वळली आणि शिकवताना बोलते तशी, आवाज न चढवता बोलली, "हे पाणी मी घातलंय. आधीच्या दिवसांतलंही मीच घालायला लावलं होतं. परिषदेनं ठरवलं तेवढंच वरण मिळेल. तक्रार असेल त्यानं माझ्याकडे यावं."

वगराळं परत माझ्या हातात दिलं आणि चपला वाजवत निघून गेली. घरी असतो तर ते वगराळं तिच्या मागोमाग गेलं असतं.

आमची मेस शेतकी कॉलेजच्या आवारात. आमचे मालक, बालाजीचे वडील, वारल्यावर मी ती चालवायला घेतली, तेव्हा चार बायका आणि एक भट्टी होती. मी तिसरीतून उठलेली, पण माझ्या हाताखाली पुढं दहा माणसं राबली आणि कॉलेजातले डॉक्टर झालेले मास्तरही माझ्यासमोर ताट धुऊन ठेवायचे. पोरांना पहिल्याच दिवशी सांगायचे, मला मावशी म्हणायचं नाही. मावशी भांडी घासायला असते. मला काकू म्हणा. आणि काकूंचं वरण म्हणजे काय, ते त्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या कुठल्याही पोराला विचारावं. कुणाचा बाप आला तरी मी त्याला ताटावर बसवायचे, आणि तो जाताना म्हणायचा, लेकराची काळजी मिटली. हे माझं नाव. दुसरं माझ्याकडे काही नव्हतं.

वृंदा त्याच कॉलेजात शिकवायची. शेतमालाचे भाव, बाजार, सरकार, असलं काहीतरी. नोकरी कच्ची. दर जूनला नवा हुकूम मिळायचा तेव्हा घरात जीव भांड्यात पडायचा. त्या वर्षी मात्र कायम करण्याची बोलणी चालली होती. कागद प्राचार्य पाटोदकरांच्या टेबलावर होता आणि सही तेवढी राहिली होती.

अशा वेळी माणसानं गप्प बसावं. हिनं खेळ काढला.

खेळ दरवर्षीचाच होता. तिसऱ्या वर्षाच्या पोरांनी सरकार सरकार खेळायचं. चिठ्ठ्या काढायच्या. कुणी मंत्री, कुणी शेतकरी, कुणी डाळमिलवाला, कुणी आडत्या आणि काहीजण खाणारे. मोठ्या हॉलात टेबलं मांडून परिषद भरवायची, तुरीला काय भाव द्यायचा, बाहेरच्या देशातली तूर आणायची की नाही, यावर भांडायचं, शेवटी हात वर करून ठरवायचं. मग टाळ्या, मग माझा चहा. यात कुणाचं काही बिघडत नव्हतं.

त्या वर्षी तिनं त्यात एक कलम वाढवलं. परिषद जे ठरवील त्याप्रमाणे हॉस्टेलच्या मेसनं काही दिवस जेवण द्यायचं. तूर महाग ठरली तर मेसला डाळ कमी, स्वस्त ठरली तर जास्त. उरलेली डाळ कॉलेजच्या गोदामात कुलपात. पोरांनी आनंदानं सह्या केल्या. सही करताना वाचतं कोण.

मला तिनं हे चहा गाळता गाळता सांगितलं. मी म्हटलं, माझी मेस म्हणजे तुझा फळा नव्हे. ती म्हणाली, बरं, आत्याबाई.

तिचं हे 'बरं' म्हणजे माझ्या डोक्याला ताप. भांडली असती तर मी भांडले असते. तिचं 'बरं' म्हणजे तुमचं ऐकून घेतलं, आता मी माझं करते. दोन दिवसांनी मेसच्या दारावर नोटीस लागली. शेवंतानं, आमच्या भांडीवालीनं, ती मला वाचून दाखवली.

आता ही पोरं कुठली, तर आसपासच्या तालुक्यांतली. प्रत्येकाच्या घरी तूर. खाणाऱ्याची चिठ्ठी निघाली की पोराचं तोंड उतरायचं. डाळ स्वस्त करा असं उभं राहून म्हणायचं आणि सुटीत गावी कुठल्या तोंडानं जायचं? मग चिठ्ठ्यांचा बाजार भरला, तोही माझ्याच जेवणाच्या टेबलांवर. खाणाऱ्याची चिठ्ठी खिशात घाल आणि शेतकऱ्याची मला दे, बदल्यात माझे रविवारचे गुलाबजाम घे, असा व्यवहार. अंगद मुळे म्हणून एक लांबोडा पोरगा होता, गोडावर तुटून पडणारा. त्यानं आपली वाटी दुसऱ्याकडे सरकवलेली पाहून मी त्याच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. मग रागावले, की माझे गुलाबजाम कडू झालेत का. तो नुसता हसला. ज्यांनी गुलाबजाम खाल्ले त्यांनी त्या चिठ्ठ्या पुढं कुठं फेकल्या, देव जाणे.

परिषदेच्या दिवशी चहा घेऊन मी हॉलात गेले आणि दाराशीच उभी राहिले. मधल्या खुर्चीवर मंत्री म्हणून रुबीना शेख. बाप रिक्षा चालवायचा, पोरगी बारीक, पण बसली होती अशी की जणू जन्मापासून तिथंच बसते. शेतकऱ्यांच्या टेबलाला दाटी. मिलवाले, आडते आपापल्या जागी. आणि एका कडेला पाटी होती, 'खाणारे', तिच्यामागे रिकाम्या खुर्च्या.

अंगद बोलला. काय बोलला! मळणीच्या वेळी बापाच्या हाताला पडलेले घट्टे, भावाची वाट पाहत पोत्यांवर घातलेल्या रात्री, सगळं त्यानं मांडलं. माझ्याही रानात तूर आहे. चहाची किटली खाली ठेवून मी टाळ्या वाजवल्या.

वृंदानं मग विचारलं, "खाणाऱ्यांच्या बाजूनं कुणाला बोलायचंय?"

कुणी नाही. ती थांबली. पुन्हा विचारलं. मागून कुणीतरी खुसखुसलं. तिनं वहीत काही लिहिलं नाही, कुणाला रागावली नाही, त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत उभी राहिली आणि मग रुबीनाला म्हणाली, घ्या मतं. सगळ्यांचे हात वर. तुरीला भरघोस भाव, बाहेरची तूर बंद. पोरांनी अंगदला खांद्यावर घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून माझं वरण पातळ झालं.

पहिल्या दिवशी पोरं हसली. परिषदेचं वरण म्हणत वाटी तोंडाला लावून प्यायली. पुढं हसणं कमी झालं. सकाळी शेतावरची प्रात्यक्षिकं करून आलेली पोरं, पोटात आग पडलेली. ती वाटीत पाहायची, मग माझ्याकडे पाहायची. मला वाढताना मान वर करवेना. भाकरी दोन जास्त घाला म्हणून बायकांना सांगितलं, पण वरणाची भूक भाकरीनं कुठं भागते. मी टेबलाजवळून गेले की बोलणं थांबायचं. शेवंताला विचारलं, पोरं काय बोलतात गं. ती म्हणाली, जाऊ द्या काकू, पोरंच ती. पुढं काही सांगेना.

अशात एका सकाळी प्राचार्य पाटोदकर स्वतः भट्टीपाशी आले. पालकांचे फोन येत होते म्हणे. मला बाजूला घेऊन म्हणाले, "काकू, पहिल्यासारखं वरण करून टाका. मॅडमना कळवायची गरज नाही. त्यांचा विषय माझ्याकडे आहे, उगाच बभ्रा नको."

मला काय, आंधळा मागतो एक डोळा अशातली गत. माझं नाव राहत होतं, सुनेची नोकरी राहत होती. गोदामाला कुलूप, म्हणून घरची डाळ आणली. हिंग, हळद, लसूण जरा सढळ हातानं. वास दारापर्यंत गेला. पहिल्या पाचपंचवीस पोरांना वाढलं तेव्हा त्यांचे चेहरे पाहून मला बरं वाटलं. तेवढ्यात वृंदा आली. पुढचं सांगितलंच.

त्या दिवशी घरी मी तिच्याशी बोलले नाही. ती म्हणाली, आत्याबाई, जेवून घ्या. मी भिंतीकडे तोंड केलं. माझा मुलगा बालाजी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहून विहिरीवरची मोटार बघून येतो म्हणाला. मी त्याला ऐकवलं, की तुझ्या बायकोनं आज माझ्या वरणात पाणी घातलं, उद्या नोकरीवरही घालील, तेव्हा मोटार कशाला लागते. तो गेला. ती उष्टी काढत राहिली. इतक्या वर्षांत मी तिला एकच गोष्ट सांगत आले होते, की तुझ्यात माया नाही. पोरं उपाशी बघून जिचा हात पाण्याच्या जगाकडे जातो तिला आणखी काय म्हणायचं?

प्राचार्यांनी तिला बोलावून घेतलं. शिपाई आमच्या गावचा, त्यानं मला सांगितलं. साहेब म्हणाले, खेळ आटपा, नाहीतर तुमच्या कागदावर सही करणं मला अवघड जाईल. तिनं काय उत्तर दिलं, असं मी विचारलं. तो म्हणाला, मॅडम 'बरं, सर' म्हणाल्या.

मी कपाळावर हात मारला. साहेबांना त्या 'बरं'चा अर्थ कुठला कळायला.

मी मेसमध्ये जायचे, पण भगुण्याला हात लावत नव्हते. पायरीवर बसून राहायचे. वरण शेवंता आणि बायका करायच्या, मापानं. तिथंच मला पोरांनी गाठलं. पुढं अंगद, मागं रुबीना आणि आणखी काही. ती सगळी वृंदाकडे तक्रार घेऊन गेली होती. तिनं त्यांच्याच सह्यांचे नियम त्यांना वाचून दाखवले. ठराव फिरवायला परिषद पुन्हा भरवता येते, पण ती मागायचा हक्क खाणाऱ्यांचा. आणि खाणारा तर कुणीच उरला नव्हता. सगळे शेतकरी.

रुबीना म्हणाली, काकू, तुम्ही त्या टेबलावर बसा. तुमचा शब्द कुणी खाली पडू देणार नाही.

मला मोह झाला, खोटं कशाला सांगू. हॉलात, सगळ्यांसमोर, सुनेला चार गोष्टी सुनवायला यापेक्षा चांगली जागा मिळाली नसती. पण त्या टेबलावर बसायचं म्हणजे तिच्या खेळात शिरायचं, आणि तिनं पाणी घातलेल्या माझ्याच वरणासाठी मी पोरांकडे भीक मागायची. मी म्हटलं, "मी खात नाही, मी वाढते. खाणारे तुम्ही. तुमच्यातला कोणी बसवा."

पोरं एकमेकांकडे पाहू लागली. अंगद पायरीवरची माती बोटानं उकरत होता.

परिषद पुन्हा भरली. कोण मागायला गेलं ते मला ठाऊक नव्हतं. चहा घेऊन गेले तर हॉल पहिल्यासारखाच मांडलेला, आणि मागच्या रांगेत प्राचार्य हाताची घडी घालून बसलेले. रुबीनानं सुरुवात केली आणि विचारलं, परिषद मागणारे कोण. अंगद शेतकऱ्यांच्या टेबलावरून उठला, चालत गेला आणि त्या रिकाम्या खुर्च्यांतल्या एकीवर बसला.

"अंग्या, गावात येऊ नकोस आता," शेतकऱ्यांतून कुणीतरी म्हणालं. पोरं हसली. तो नाही हसला.

पहिल्या वेळी धबधब्यासारखा बोलणारा पोरगा, त्या दिवशी शब्द सापडेनात. म्हणाला, माझी चिठ्ठी पहिल्यापासून हीच होती, मी ती गुलाबजामवर विकली. पुन्हा हशा. मग तो म्हणाला, "माझ्या बापाच्या तुरीला भाव मिळालाच पाहिजे. त्यातला एक रुपया मी कमी करायला सांगणार नाही. पण मला इथं जेवायलाही पाहिजे. दोन्ही कसं जमवायचं, ते मला येत नाही. मी तेवढंच सांगायला इथं बसलोय."

मला वाटलं, संपलं याचं बोलणं. पण त्यानं मान वळवून दाराकडे, माझ्याकडे पाहिलं.

"अजून एक. वरण पातळ झालं तेव्हा पहिल्या दिवशी आपण हसलो, पण भूक लागली तसा आपल्याला आपला ठराव आठवला नाही. आपण म्हणालो, काकू डाळ मारतात. घरी नेतात. खोलीखोलीत बोललो, मी पण बोललो. काही जणांनी घरी फोन करून सांगितलं. मॅडमनी आपल्यासमोर पाणी ओतलं, तेव्हा कळलं की हात कुणाचा आहे. आणि मग कळलं, की तो हात आपलाच आहे. काकू, चुकलो."

माझ्या हातात किटली होती. ती मी टेबलावर ठेवली आणि कपबश्या मांडू लागले.

त्यानंतर बराच वेळ पोरं भांडली. मिलवाले ओरडले, आडते ओरडले. भाव तोच ठेवायचा, पण सरकारनं तूर स्वतः घेऊन वसतिगृहांना आणि आश्रमशाळांना स्वस्तात द्यायची, असं काहीसं निघालं. रुबीना पुन्हा पुन्हा विचारत होती, की याला पैसा कुठून काढू, रस्त्यातला काढू की दवाखान्यातला, सांगा. खाणाऱ्यांच्या टेबलावर एकेक करत आणखी काही पोरं येऊन बसली. शेवटी ठराव कसाबसा पास झाला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. पोरं दमली होती.

माझं लक्ष निम्मं तिकडे होतं. निम्मं शेवंताच्या 'जाऊ द्या काकू'मध्ये अडकलं होतं. म्हणजे सगळ्या मेसला ठाऊक होतं. प्राचार्य भट्टीपाशी आले ते पालकांच्या त्या फोनमुळंच. माझं ते दाट वरण तसंच सगळ्यांना वाढलं गेलं असतं, तर पोरं म्हणाली असती, बघा, बोभाटा झाल्यावर काकूंनी चोरलेली डाळ परत घातली. जन्मभर ते माझ्या कपाळी राहिलं असतं. आणि हे ठाऊक असूनच की काय, भरल्या मेसमध्ये एक बाई म्हणाली होती, पाणी मी घातलंय, आधीचंही मीच. मी त्यातलं फक्त पाणी ऐकलं होतं.

पोरं पांगली. प्राचार्य वृंदाजवळ आले. मी कपबश्या गोळा करत होते, त्यांना माझी अडचण वाटली नाही. म्हणाले, चांगलं झालं, पोरं बोलली. तुमचा कागद मी पुढं पाठवतो. फक्त पुढच्या वर्षीपासून मेस यात आणायची नाही.

मी वाट पाहिली, आता हिचं 'बरं, सर' येणार.

वृंदा टेबलावरच्या पाट्या एकावर एक ठेवत होती. हात न थांबवता म्हणाली, "मेसशिवाय हा खेळ मला नाही घेता येणार, सर. तसा घ्यायचा असेल तर दुसऱ्या कुणाला सांगा. कागद पाठवायच्या आधी हे तुमच्या कानावर असू दे."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बघू, म्हणाले, आणि गेले. कागद त्यांनी पाठवला की अडवला हे कळायला पुढं महिना गेला. पाठवला. पण त्या दुपारी तिला ते ठाऊक नव्हतं, आणि मलाही नव्हतं.

हॉलात आम्ही दोघीच उरलो. मी एका खुर्चीवर टेकले.

"पोरं माझ्याबद्दल काय बोलतात, ते तुला कळलं होतं?" मी विचारलं.

"शेवंतानं सांगितलं होतं."

"मग मला सांगायला तोंड नव्हतं?"

ती म्हणाली, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही प्रत्येक पोराला धरून जाब विचारला असता. त्यांना ते खरंच वाटलं असतं."

हे खरं होतं. ती पाट्यांना दोरी बांधू लागली. गाठ बसेना, पुन्हा सोडली, पुन्हा बांधली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या दिवशीचं वरण फार चांगलं झालं होतं, आत्याबाई. दुसरा जग ओतताना माझा हात थांबला होता."

मला दिसला नव्हता थांबलेला. मी उठले. पदर खोचला, कपबश्यांचा ट्रे उचलला, दारापर्यंत गेले आणि तिथून वळून तिला म्हणाले, "ऐक, वृंदा. माया करायला तुला येत नाही, हे मी सांगत आले आणि पुढंही सांगणार. पण दुसऱ्याचं नाव राखायला तुझ्याइतकं कुणाला येत नाही, मलासुद्धा नाही. तू शिकवच. माझ्या भट्टीपाशी मात्र पुन्हा फिरकू नकोस."